कमी खर्चात कलर ग्रेडिंग सूट: पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शॉर्ट फिल्म, माहितीपट आणि वेबसाठीच्या मालिका ग्रेड करायला, म्हणजे त्यांचे रंग आणि उजेड-सावली नीट बसवायला, एका खोलीत छोटा सूट उभारायचा आहे. एडिटिंगचा बऱ्यापैकी दमदार कॉम्प्युटर आधीच आहे. आणखी किती खर्च धरावा, आणि कात्री कुठे लावता येईल?

किमती सतत बदलतात, म्हणून प्रमाणात बोलू. तुमच्या कॉम्प्युटरची किंमत १०० धरा. त्या मापात ग्रेडिंगचा मॉनिटर म्हणून वापरायचा ओलेड टीव्ही साधारण ४०, व्हिडिओ आउटपुट कार्ड ५ ते १०, पडद्याचा रंग आणि चमक मोजणारा प्रोब १२, सॉफ्टवेअर १२, खोलीचा रंग, पडदे आणि दिवे १५, कंट्रोल पॅनल २०, स्टोरेज आणि बॅकअप ४०, यूपीएस १०. बेरीज अडीचशेच्या थोडी पुढे जाते. म्हणजे कॉम्प्युटर सोडून त्याच्या दीडपट रक्कम हाताशी हवी. यात चित्र डोळ्यांपर्यंत खरं पोचवणाऱ्या चार गोष्टींचा, म्हणजे मॉनिटर, कार्ड, प्रोब आणि खोली यांचा वाटा पाऊणशेच्या आसपास आहे. सूट म्हणजे खरं तर हा पाऊणशेचा भाग. बाकी सगळं वेग आणि सोय यासाठी असतं. तरीही बहुतेक जण उरलेला पैसा आणखी मोठ्या ग्राफिक्स कार्डात घालतात आणि ग्रेड मात्र कॉम्प्युटरच्याच स्क्रीनवर करत बसतात. मशीन हळू असेल तर काम उशिरा संपेल, एवढंच. मॉनिटर खोटं बोलत असेल तर काम वेळेत संपेल आणि चुकीचं संपेल.

आधी आउटपुट कार्डाबद्दल, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आहे. ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून निघणारं चित्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातातून जातं. त्यावर आयसीसी प्रोफाइल (स्क्रीनसाठी रंग बदलणारी फाइल) लागलेलं असू शकतं, काळ्या-पांढऱ्याची लेव्हल ड्रायव्हर ठरवतो, आणि रिफ्रेश रेट टाइमलाइनच्या २४ किंवा २५ फ्रेमशी जुळेलच असं नाही. नंतर काही चुकलं तर दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे शोधणं जिकिरीचं होतं. ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक मिनी मॉनिटर ४के किंवा थंडरबोल्टवर चालणारं अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी यांसारखं छोटं कार्ड ही सगळी मधली माणसं बाजूला करतं. सॉफ्टवेअरने काढलेला आकडा तसाच १० बिटमध्ये मॉनिटरला जातो. अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी १०८०पी६० पर्यंतच जातं, म्हणून लोक ते नाकारतात. पण रंग आणि कॉन्ट्रास्ट ठरवायला एचडी चित्र पुरेसं असतं. फोकस, नॉइज आणि बारीक पोत तपासायला तेवढा ४के लागतो, आणि ते काम शेवटच्या पासमध्ये ग्राफिक्स कार्डाला जोडलेल्या ४के स्क्रीनवर उरकता येतं.

कार्ड लावल्यावर पहिली चूक लेव्हलची होते. १० बिट व्हिडिओ लेव्हलमध्ये काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर असतो. फुल लेव्हलमध्ये ० ते १०२३. पाठवणारा एक समजला आणि टीव्ही दुसरं समजला, की एक तर सगळं चित्र धुतल्यासारखं राखाडी दिसतं, नाही तर काळ्यातला तपशील गिळला जातो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चित्र ‘छान कडक’ दिसतं आणि कोणाला शंकाच येत नाही. दा विंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये व्हिडिओ मॉनिटरिंगखाली डेटा लेव्हल ‘व्हिडिओ’ ठेवा, बिट डेप्थ १० ठेवा, आणि टीव्हीवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल लिमिटेड किंवा लो. मग प्लुज पॅटर्न (काळ्याच्या आसपासच्या पट्ट्यांचं चाचणीचं चित्र) लावा. काळ्याच्या खालची पट्टी दिसता कामा नये, काळ्याच्या किंचित वरची पट्टी अंधारात जेमतेम दिसली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे जमल्याशिवाय पुढे कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही.

आता मॉनिटर. एसडीआर (साध्या टीव्हीच्या चमकेच्या) कामासाठी लक्ष्य ठरलेलं आहे: रेक. ७०९ (एचडी टीव्हीचं मानक) रंग, डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा) पांढरा, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड वाढण्याचा उतार) २.४, आणि पूर्ण पांढऱ्याची चमक १०० निट्स (चमकेचं एकक). एवढं गाठायला फार महाग वस्तू लागत नाही. ४२ इंची ओलेड टीव्ही हा कमी खर्चातला सगळ्यात समंजस पर्याय आहे, कारण त्याचा काळा खरोखर काळा असतो, आणि सावल्यांतला रंग कुठे घसरतोय ते नेमकं तिथेच दिसतं. त्याच किमतीचे आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) मॉनिटर अंधाऱ्या खोलीत काळ्याच्या जागी निळसर राखाडी दाखवतात. मग हात आपोआप काळा दाबत राहतो, आणि तीच फिल्म दुसरीकडे पाहिली की रात्रीचे प्रसंग बुडालेले निघतात. आयझोच्या सीजी मालिकेतले किंवा फ्लँडर्स सायंटिफिकचे मॉनिटर अर्थातच जास्त भरवशाचे. सीजीमध्ये मोजणीचा सेन्सर अंगचाच असतो. पण आपल्या मापात ते शंभरीच्या घरात किंवा तिच्या वर जातात. नियमित काम मिळायला लागलं की ती खरेदी करा, सुरुवातीला नको.

ओलेड टीव्ही घेतला म्हणजे तो घरचा टीव्ही म्हणून विकलेला आहे हे विसरायचं नाही. फिल्ममेकर मोड निवडा. ऊर्जाबचत, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग, सभोवतालच्या उजेडानुसार बदलणारी चमक, सगळं बंद. ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद. खरी अडचण त्यानंतर येते. एकच फ्रेम बराच वेळ स्थिर राहिली की टीव्ही पॅनल वाचवण्यासाठी हळूहळू मंद होत जातो. ग्रेडिंगमध्ये आपण तर एका फ्रेमवर दहा-दहा मिनिटं थांबतो. चमक इतकी सावकाश उतरते की डोळ्याला कळत नाही, आणि आपण शॉट उजळ करत जातो. काही टीव्हींमध्ये हे सर्व्हिस मेनूतून बंद करता येतं, पण त्यात वॉरंटीचा आणि पॅनलवर डाग कायमचे उमटण्याचा धोका पत्करावा लागतो. धोका नको असेल तर सवय लावून घ्या: दर दोन-तीन मिनिटांनी शॉट चालवा, आणि निर्णय घेण्याआधी पूर्ण काळी फ्रेम लावून परत या.

प्रोबशिवाय हा टीव्ही नुसता चांगला टीव्ही आहे. कॅलिब्राइट डिस्प्ले प्लस एचएलसारखा कलरीमीटर पुरतो. मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट हवं असेल तर आर्गिल सीएमएसवर चालणारं डिस्प्लेकॅल आहे. पैसे खर्चायचे असतील तर कलरस्पेस किंवा कॅलमन. क्रम असा ठेवा. टीव्ही पाऊण तास चालू ठेवून गरम होऊ द्या, खोली अंधारी करा, प्रोब काचेला नीट टेकवा. आधी टीव्हीच्याच मेनूतून चमक १०० निट्सवर आणा, मग टू-पॉइंट व्हाइट बॅलन्सने ग्रे तटस्थ करा. पॅटर्नचा चौकोन पडद्याच्या १० टक्क्यांच्या आसपासच ठेवा, कारण मोठं पांढरं क्षेत्र आलं की ओलेड स्वतःहून चमक कमी करतो आणि मोजणी फसते. ग्रे बसल्यावरच थ्रीडी लटसाठी, म्हणजे पडद्याचा दोष भरून काढणाऱ्या रंगांच्या तक्त्यासाठी, रंगांचे ठिपके मोजा. १७ बाय १७ बाय १७ म्हणजे ४९१३ ठिपके. प्रत्येकाला अडीच सेकंद धरले तरी जवळजवळ साडेतीन तास लागतात, आणि तेवढ्यात ओलेड स्वतःच सरकतो. हजारेक ठिपके आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून काळी फ्रेम, हे टीव्हीसाठी जास्त खरं उत्तर देतं. शेवटी लट लावून पुन्हा मोजा. डेल्टा ई २००० (हवा तो रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक) याची सरासरी १ च्या खाली आणि सगळ्यात वाईट ठिपका ३ च्या आत असेल तर काम झालं.

तो लट कुठे लावायचा यावर बरेच प्रोजेक्ट बिघडतात. रिझॉल्व्हमध्ये कलर मॅनेजमेंटखाली ‘व्हिडिओ मॉनिटर लुकअप टेबल’ अशी वेगळी जागा आहे. लट तिथेच. तो आउटपुट लट म्हणून किंवा शेवटच्या नोडवर (ग्रेडमधल्या दुरुस्तीच्या टप्प्यावर) लावला तर तो रेंडरमध्ये भाजला जातो, आणि तुमच्या टीव्हीच्या दोषांची उलटी प्रतिमा ग्राहकाच्या फाइलमध्ये कायमची बसते. खात्री करायची असेल तर तटस्थ ग्रे रॅम्प रेंडर करून परत आत आणा. पॅरेड स्कोपवर (तिन्ही रंगांच्या शेजारी-शेजारी आलेखावर) लाल, हिरवी, निळी रेष एकसारख्या उंचीच्या दिसल्या नाहीत तर लट चुकीच्या जागी आहे.

इथे एक गोष्ट पैसे वाचवणारी. कलरीमीटरची गाळणी प्रत्येक प्रकारच्या पॅनलवर सारखं वाचत नाही, म्हणून त्याला त्या पॅनलसाठी दुरुस्तीचं मॅट्रिक्स लागतं. ते स्पेक्ट्रोने (प्रकाशाचा पूर्ण वर्णपट मोजणाऱ्या यंत्राने) बनतं, आणि स्पेक्ट्रो महाग असतो. तो विकत घेऊ नका. एका दिवसासाठी भाड्याने आणा, मॅट्रिक्स बनवा, जपून ठेवा. त्याच दिवशी दिवे आणि भिंतीसुद्धा मोजून घ्या.

ओलेडचं आणखी एक कोडं आहे. प्रोब नेमका डी६५ दाखवतो, म्हणजे रंगांच्या आलेखावर एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०, तरी शेजारच्या एलसीडीपेक्षा ओलेडचा पांढरा हिरवट-पिवळसर वाटतो. मोजणी चुकलेली नसते. ओलेडच्या प्रकाशाचा वर्णपट अरुंद शिखरांचा असतो, आणि मोजणीमागे असलेलं डोळ्याचं जुनं गणित तिथे कमी पडतं. सोनीने आपल्या ओलेड मॉनिटरसाठी यावर पांढरा साधारण ०.३०७, ०.३१८ वर सरकवण्याचा मार्ग सुचवला होता. तुमच्या पॅनलला हेच आकडे लागू पडतील असं नाही. पण समोर भरवशाचा एलसीडी ठेवून डोळ्यांनी पांढरा जुळवायचा, मग ओलेडवर जो आकडा येईल तेच लक्ष्य मानून लट बनवायचा, ही पद्धत चालते. हे टाळलं तर ग्रेड किरमिजीकडे झुकते, कारण डोळा नकळत हिरवा काढत बसतो.

खोलीवर खर्च कमी होतो आणि फरक सगळ्यात जास्त पडतो. मॉनिटरमागची भिंत तटस्थ, मॅट राखाडी हवी, परावर्तन १८ ते २० टक्के. रंगारी पांढऱ्यात काळा घालून राखाडी करून देतो, आणि तिथेच फसगत होते: पांढरा अधिक काळा म्हणजे बहुतेक वेळा निळसर राखाडी. एका लिटरमागे पिवळ्या गेरूचे किंवा अंबरचे (तपकिरी मातीरंगाचे) काही थेंब घालावे लागतात. नमुना पुठ्ठ्यावर लावून पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग वेगळा दिसतो. मग ज्या दिव्याखाली काम करणार त्याच दिव्याखाली फोटोग्राफीच्या ग्रे कार्डाशेजारी धरून पाहा. स्पेक्ट्रो भाड्याने आणलेलाच असेल तर रंग मोजण्याच्या ‘लॅब’ पद्धतीतल्या ए आणि बी या दोन्ही किमती अधिक-उणे १ च्या आत आल्या की थांबा. भिंत रंगवणं शक्य नसेल तर राखाडी जाड पडदा चालतो, पण कापडही त्याच दिव्याखाली पारखा. दुकानात राखाडी दिसणारं रंगवलेलं कापड दुसऱ्या उजेडात तांबूस दिसू शकतं. मागची भिंत बहुतेक जण विसरतात. मॉनिटर बंद करून खुर्चीत बसा. काचेत स्वतःचा पांढरा शर्ट किंवा मागचं कपाट दिसत असेल तर ते प्रत्येक अंधाऱ्या शॉटवर चढलेलं असणार.

मागचा दिवा मॉनिटरच्या पाठीमागे लपवलेला, ६५०० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर. रंग बदलणारी आरजीबी पट्टी नको. तिचा पांढरा तीन टोकदार शिखरांचा असतो आणि भिंतीचा राखाडी त्यात बिघडतो. उजेड किती? एसडीआरसाठी मागची भिंत संदर्भ पांढऱ्याच्या १० टक्के, म्हणजे १० निट्सच्या जवळ दिसावी. १८ टक्के परावर्तनाच्या भिंतीवर त्यासाठी सुमारे १७५ लक्स पडावे लागतात, आणि ते साध्या लक्समीटरने मोजता येतात. भिंत ५० टक्के परावर्तनाची फिकट असेल तर ६३ लक्स पुरे. दिव्याचा थेट झोत पडद्यावर येता कामा नये. अगदी काळ्या खोलीत काम करू नका. डोळे अंधाराला सरावतात, मग सावल्या प्रत्यक्षापेक्षा उजळ वाटतात आणि ग्रेड गडद होत जाते. बसण्याचं अंतर एचडी चित्राला पडद्याच्या उंचीच्या तिप्पट, ४केला दीडपट. ४२ इंची पडद्याची उंची ५२ सेंटिमीटर असते, तेव्हा रंगाच्या निर्णयासाठी दीड मीटरभर मागे सरकून बसा.

सॉफ्टवेअर पटकन सांगतो. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती शिकायला आणि यूएचडीपर्यंतच्या (टीव्हीच्या ४केपर्यंतच्या) कामाला पुरते, पण तिच्यात नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) नाही, आणि अपुऱ्या उजेडात चित्रित झालेल्या फिल्मना ते लागतंच. स्टुडिओ आवृत्तीची निर्मात्याची किंमत बराच काळ २९५ डॉलर राहिली आहे, एकदाच भरायची. ती घ्या.

कॉम्प्युटर आहे तोच चालवा, फक्त दोन गोष्टी तपासा. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी असेल तर यूएचडीवर टेम्पोरल (शेजारच्या फ्रेम पाहून चालणारं) नॉइज रिडक्शन लावताच ‘जीपीयू मेमरी फुल’चा निरोप येऊ शकतो. १२ ते १६ जीबीवर श्वास घेता येतो. दुसरं, हल्लीचे छोटे कॅमेरे एच.२६५ या फार दाबलेल्या स्वरूपात ४:२:२ १० बिट (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या) फाइल देतात. एनव्हिडियाची आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची कार्डं हे हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. ५० मालिकेपासून ती सोय आली. इंटेलचं क्विक सिंक ११व्या पिढीपासून आणि ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप ते करतात. फाइल अडखळते म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघण्याआधी, बायोसमध्ये इंटेलचं अंगचं ग्राफिक्स बंद तर नाही ना, ते बघा. नाही तर प्रोरेस या उलगडायला हलक्या स्वरूपात ट्रान्सकोड करा (बदलून घ्या). त्याचा खर्च एका रात्रीचा.

स्टोरेजचं गणित आधी मांडलं तर निम्मा खर्च वाचतो. यूएचडी २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ एचक्यू ७३७ मेगाबिट प्रति सेकंद घेतं, म्हणजे तासाला सुमारे ३३२ जीबी. चाळीस तासांचं फूटेज १३ टीबीच्या वर जातं, आणि एवढी वेगवान जागा घ्यायची म्हटली तर बजेट कोलमडतं. ती घ्यायची गरजच नाही. एडिट लॉक झाल्यावर मीडिया मॅनेजमेंटने फक्त वापरलेले तुकडे, दोन्ही बाजूंना १२-१२ फ्रेमच्या हँडलसह, वेगळे काढा. ९० मिनिटांची, १२०० कटांची फिल्म हँडलसह ११० मिनिटांच्या आत राहते, म्हणजे ६०० जीबीच्या आसपास. २ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर ती आरामात बसते, कॅश आणि रेंडरसुद्धा तिथेच. बाकी सगळं साध्या मोठ्या हार्ड डिस्कवर, दोन प्रतींत, एक प्रत दुसऱ्या जागी. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली जागा) हा बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल तो सगळ्या डिस्कवरून एकदम पुसतो. कोणी ४के डीपीएक्समध्ये (प्रत्येक फ्रेमच्या वेगळ्या, न दाबलेल्या फाइलमध्ये) डिलिव्हरी मागितली तर मात्र एक फ्रेम ३५ मेगाबाइटची, २४ फ्रेमला सेकंदाला ८५० मेगाबाइट, तासाला ३ टीबी. अशा कामाचं स्टोरेज त्या कामाच्या दरातच धरा, सूटच्या खर्चात नको.

पॅनल शेवटी घ्या. तीन ट्रॅकबॉल आणि बारा नॉबचं ब्लॅकमॅजिकचं मायक्रो कलर पॅनल किंवा टँजंटचं रिपल एवढं पुरे. लिफ्ट (सावल्या) आणि गेन (उजळ भाग) दोन्ही हातांनी एकाच वेळी फिरवता आले की शॉट जुळवण्याचा वेग खरोखर वाढतो. पण चुकीच्या मॉनिटरवर पॅनल फिरवून काहीच साधत नाही.

पहिल्या ग्राहकाकडून तक्रार येईल ती बहुधा ‘फाइल फिकट दिसते’ अशी. मॅकवरचा क्विकटाइम प्लेअर रेक. ७०९ची फाइल २.४ पेक्षा बऱ्याच कमी गॅमाने दाखवतो, म्हणून सावल्या उचललेल्या दिसतात. ग्रेड बदलू नका. फाइलचे कलर टॅग तपासा, आणि ग्राहकाला तीच फाइल टीव्हीवर किंवा ज्या मंचावर ती जाणार तिथे दाखवा. फिल्म फक्त कॉम्प्युटरवरच बघितली जाणार असेल तर उजळ खोलीसाठी गॅमा २.२ वर ग्रेड करणं योग्य, पण मग मॉनिटरचा लटही २.२ चाच वेगळा बनवा.

एचडीआरसाठी (जास्त चमकेच्या चित्रासाठी) या बजेटमध्ये उडी मारू नका. डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराच्या मास्टरिंगला किमान १००० निट्स आणि २,००,०००:१ कॉन्ट्रास्टचा मॉनिटर अपेक्षित असतो. सोनी बीव्हीएम-एचएक्स३१० च्या पंगतीतले मॉनिटर आपल्या मापात हजारीच्या घरात जातात. तसं काम आलं तर सूट भाड्याने घ्या.

थिएटरसाठीची फिल्म मात्र याच खोलीत तयार करता येते. लक्ष्य बदलतं: पी३ (थिएटरच्या प्रोजेक्टरचे) रंग, गॅमा २.६, चमक ४८ निट्स, मागचा दिवा जवळजवळ बंद. त्यासाठी वेगळा लट मोजून ठेवा. सगळी फिल्म संपवण्याआधी सात-आठ मिनिटांची रील निवडा: सगळ्यात अंधारा प्रसंग, सगळ्यात उजळ बाहेरचा प्रसंग, आणि चेहऱ्यांचे क्लोजअप. तिचं डीसीपी (थिएटरमध्ये चालणारं फाइलचं पॅकेज) बनवून खऱ्या थिएटरमध्ये तासाभराचा खेळ भाड्याने घ्या. मधल्या रांगेत बसा आणि टाइमकोडसह लिहून घ्या, कुठे सावलीतला चेहरा हरवतो, कुठे त्वचा लालसर होते. परत येऊन सगळीकडे सारखी असलेली चूक एकेका शॉटवर न काढता टाइमलाइनच्या एकाच नोडवर काढा. सगळ्या शॉटमध्ये चूक एकाच दिशेची असेल तर ती तुमच्या मॉनिटरची आहे, आणि लट पुन्हा मोजायला हवा. इकडे-तिकडे विखुरलेली असेल तर ती ग्रेडची आहे, आणि ती शॉटनिहायच काढावी लागेल.